पाणी धरून ठेवणारी बाग

२ जुलै २०११ रोजी डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये ढगफुटी झाली. अवघ्या दोन-तीन तासांत काही भागांत १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. तळघरं भरली, रस्ते पाण्याखाली गेले आणि नुकसानीचा आकडा पाच-सहा अब्ज क्रोनरच्या घरात पोहोचला.

दोष केवळ आभाळाचा नव्हता. शहराच्या बऱ्याच भागात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच गटारातून वाहतं. ते तुंबलं की मैलापाणी उलटं तळघरांत शिरतं. वर डांबर आणि फरशी, त्यामुळे पाणी मुरायला जागाच उरत नाही.

सगळी गटारं रुंद करणं फार महाग पडलं असतं. म्हणून महापालिकेने २०१२ मध्ये ढगफुटीसाठी वेगळा आराखडा आखला. त्यात सुमारे ३०० कामं आहेत, मुदत साधारण वीस वर्षांची. शंभर वर्षांतून एखाद्या वेळी पडेल अशा पावसातही रस्त्यावर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी चढू नये, हे उद्दिष्ट. काही रस्ते पाणी वाहून नेतात, बागा आणि मैदानं ते थोपवून धरतात, जमिनीखालचे बोगदे ते बंदराकडे नेतात.

वेस्टरब्रो भागातली जुनी एंगहेवपार्कन बाग २०१९ मध्ये नव्या रूपात खुली झाली. तिच्यात सुमारे २२,६०० घनमीटर, म्हणजे सव्वादोन कोटी लिटर पाणी मावतं. बागेभोवतीचा बुटका कठडा एरवी बसण्याचा कट्टा असतो. अतिवृष्टीत त्यातली फाटकं बंद होतात आणि बागेचा तलाव होतो. खोलगट केलेलं खेळाचं मैदान कोरड्या दिवसांत मुलांचं, पावसात पाण्याचं.

ओस्टरब्रोतल्या टोसिंगे चौकात डांबर उखडून झाडं लावली. तिथे उलट्या छत्र्यांसारखी शिल्पं पाऊस झेलतात. छपरांवरचं स्वच्छ पाणी मुलांच्या खेळात येतं. रस्त्यावरचं मात्र वेगळं ठेवतात, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला तिथे मीठ टाकलेलं असतं.

या शहाणपणाची सुरुवात बंदरातून झाली होती. पूर्वी जोराच्या पावसात गटारं थेट तिथे ओसंडत. पाणी साठवण्याच्या टाक्या बांधून हे ओसंडणं कमी केलं, आणि २००२ मध्ये इस्लान्स ब्रुगेला पोहण्याचा तलाव बंदरातच सुरू झाला. गटार ओसंडलं तर पाण्याच्या गुणवत्तेचा अंदाज पाहून तो बंद ठेवतात.

या कामांचा मोठा खर्च नागरिकांच्या पाणीपट्टीतून भागतो. त्या पैशांतून बोगद्यांबरोबर बसायला कट्टा, खेळायला मैदान आणि सावलीला झाडंही मिळतात, म्हणूनच ही योजना खऱ्या अर्थाने नागरिकांची ठरली आहे.