बाळाला गदागदा हलवू नका! : ‘शेकन बेबी सिंड्रोम’ समजून घेऊया



तान्हं बाळ तासभर रडतंय. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, तरी थांबत नाही. अशा वेळी दमलेल्या माणसाचा तोल सुटतो आणि ‘गप्प बस!’ म्हणत तो बाळाला गदागदा हलवतो. इजा करायचा हेतू नसतो, पण काही सेकंदांत मेंदूला कायमची इजा होऊ शकते. यालाच ‘शेकन बेबी सिंड्रोम’ म्हणतात.

नेमकं काय होतं?

नवजात बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. मान मात्र कमकुवत. जोरात हलवलं की मेंदू कवटीच्या आत हलतो, वरच्या नाजूक शिरा तुटतात आणि मेंदूभोवती रक्त साचतं. डोळ्यांच्या पडद्यातही रक्तस्राव होतो. बाहेर एकही खूण नसू शकते! १९७१ साली ब्रिटनमधले मेंदूशल्यचिकित्सक नॉर्मन गुथकेल्च यांनी हा धोका दाखवून दिला. यातून अंधत्व, फिट्स, पुढे शिकण्यात अडचणी येऊ शकतात. काही बाळं दगावतात.

झोळीतला हलका झोका किंवा मांडीवर खेळवणं याने असं होत नाही, हेही लक्षात घ्या.

बाळ इतकं का रडतं?

दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, दुसऱ्या महिन्याच्या सुमारास सर्वात जास्त असतं आणि चार-पाच महिन्यांपर्यंत कमी होतं. संध्याकाळी जास्त. निरोगी बाळंही रडतात. यात आईची चूक नसते. मात्र ताप असेल किंवा रडणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर डॉक्टरांना दाखवा.

राग आला तर काय करायचं?

१. बाळाला पाळण्यात किंवा खाली अंथरुणावर उताणं ठेवा.
२. पाच-दहा मिनिटं बाजूला व्हा. पाणी प्या, शेजारच्या काकूंना हाक मारा.
३. शांत झालात की परत या.

तेवढा वेळ रडल्याने बाळाला काही होत नाही. हलवल्याने होतं.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

उलट्या, दूध न ओढणं, खूप सुस्ती, झटके, श्वासाचा त्रास, फुगलेली टाळू. दृष्ट काढण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि बाळाला हलवलं गेलं असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. उपचार त्यावरच ठरतात.

आपण शिक्षकांनी काय करायचं?

आमच्या मांडवीत वडील बोटीवर, आई मासळी विकायला, असं असलं की बाळ आजीकडे नाहीतर तिसरी-चौथीतल्या ताईकडे असतं. ही ताई आपल्याच वर्गात बसते! तिला एवढंच शिकवूया : “बाळ रडायचं थांबलं नाही तर त्याला खाली ठेव आणि मोठ्या माणसाला बोलाव.” पालकसभेत बाबांना आणि आजोबांनाही हे सांगा, कारण बाळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं.

पाच मिनिटांची ही माहिती एखाद्या बाळाचं आयुष्य वाचवू शकते. तुमच्या शाळेत, घरात नक्की सांगा.