कोळंबी मोजायला ७४८ वर्षं

२०२०-२१ या आर्थिक वर्षात भारताने ५,९०,२७५ टन गोठवलेली कोळंबी परदेशी पाठवली. या धंद्यात माल ‘काउंट’वर ओळखतात, म्हणजे किलोत किती नग बसतात त्यावर. सरासरी काउंट चाळीसचा धरला, तर हे झाले २,३६१ कोटी नग. सेकंदाला एक या वेगाने, जेवणखाण आणि झोप सोडून कुणी मोजायला बसलं, तर ७४८ वर्षं लागतील. ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या वेळी, १२७५ साली बसलेला माणूस २०२३ साली उठला असता.

गंमत म्हणजे हा आकडा पडत्या वर्षाचा आहे. २५ मार्च २०२० ला कोरोनाच्या टाळेबंदीने देश बंद झाला आणि पुढच्याच आठवड्यात हे आर्थिक वर्ष सुरू झालं. आदल्या वर्षी सगळी मिळून १२,८९,६५१ टन मासळी निर्यात झाली होती, ती ११,४९,३४१ टनांवर आली. चाळीस फुटी शीत कंटेनरमध्ये साधारण २० टन माल धरला, तर सात हजार कंटेनर निघालेच नाहीत. ते एकामागे एक उभे केले, तर साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे नऊ-दशांश भरतो.

तरी टक्क्यांत ही घट भरते १०.८८. रुपयांत तर त्याहून कमी, ४६,६६३ कोटींवरून ४३,७१७ कोटी, म्हणजे ६.३१ टक्के, रुपया घसरल्याने डॉलरमधली घट थोडी झाकली गेली. विमानं जमिनीवर, हॉटेलं बंद, मजूर गावाला, आणि धंदा बुडाला तो फक्त अकरा टक्के. साखळी चिवट निघाली, हे खरंच. पण तो चिवटपणा साखळीच्या प्रत्येक कडीत सारखा नव्हता.

आंध्रातल्या भीमावरम किंवा नेल्लोरकडच्या एका तळ्याचा हिशेब मांडू. तिथली व्हॅनामेई कोळंबी मूळची लॅटिन अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याची; भारतात तिला परवानगी मिळाली २००९ मध्ये. मादी एका खेपेला लाखाच्या वर अंडी घालते. पण बीजासाठी लागणारे निरोगी नर-मादी हवाई, फ्लोरिडातून विमानाने आणायचे, चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात ठेवायचे आणि मग हॅचरीत सोडायचे. विमानं थांबली तशी पुढच्या हंगामाच्या बीजाची वाट अडली. पण तळ्यात आधीच सोडलेल्या कोळंबीला टाळेबंदीचं काय! नियमाने चौरस मीटरला जास्तीत जास्त ६० नग सोडता येतात, म्हणजे हेक्टरला ६ लाख. त्यातली ८० टक्के जगली आणि दहा ग्रॅमची झाली, तर तळ्यात ४,८०० किलो जिवंत माल फिरतोय. त्याला रोज वजनाच्या तीन टक्के खाद्य घालायचं, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास. पहिल्या एकवीस दिवसांच्या टाळेबंदीत एका हेक्टरला तीन टन खाद्य झालं. कोळंबी वाढत राहिली तर त्याहून जास्त. वर रात्रभर एरेटर फिरता ठेवायचा. तो बंद पडला आणि पाण्यातला प्राणवायू उतरला, की पहाटेपर्यंत आख्खं तळं मरू शकतं.

दहा ग्रॅमची कोळंबी म्हणजे शंभरचा काउंट. आणखी महिना-दीड महिना थांबलं तर तीच चाळीस-पन्नासच्या काउंटला जाते आणि किलोला कितीतरी जास्त देते. पण खाद्याची गाडी येईल की नाही, कारखाना माल घेईल की नाही, कशाचाच भरवसा नव्हता. अनेकांनी घाईने जाळी ओढली आणि बारीक माल पडेल भावाला विकला. शेवटी राज्य सरकारला काउंटनुसार किमान भाव ठरवून द्यावे लागले. अकरा टक्क्यांच्या आकड्यात हा तोटा दिसत नाही. शंभरच्या काउंटचा टन आणि तीसच्या काउंटचा टन वजनाला सारखाच भरतो.

एकदा सोलून, गोठवून, वजा अठरा अंशांत गेलेली कोळंबी मात्र निवांत असते. दीड-दोन वर्षं तिला काही होत नाही. अमेरिकेत हॉटेलं बंद झाली तेव्हा लोक दुकानातून गोठवलेल्या पिशव्या घरी नेऊ लागले, आणि त्या वर्षी भारताच्या मासळीच्या कमाईतला सुमारे ४१ टक्के वाटा अमेरिकेकडून आला. ही थंडीही कधी अंगाशी येते म्हणा. नोव्हेंबर २०२० मध्ये चीनला भारतातून आलेल्या गोठवलेल्या माकुळाच्या खोक्यांवर कोरोना विषाणूचे अंश सापडले आणि माल पाठवणाऱ्या कंपनीकडून होणारी आयात आठवडाभर थांबली.

ताज्या मासळीकडे टिकून राहण्याचा हा अवधी नाहीच. समुद्रातल्या मासेमारीला केंद्राने १० एप्रिललाच सूट दिली, पण बोट समुद्रात जाणं वेगळं आणि मासा गिऱ्हाइकाच्या ताटात पडणं वेगळं. १८७५ पासून चालू असलेल्या मुंबईच्या ससून डॉकवरून मासळी उपनगरांत जाते ती बऱ्याच अंशी कोळणींच्या पाटीतून, लोकलच्या लगेजच्या डब्यातून. लोकलच बंद. बर्फ घातला तर काही दिवस, नाही तर एप्रिलच्या उन्हात पापलेटाचे डोळे दुपारच्या आत पांढरे पडतात, आणि मग वाटा निम्म्यात मागितला जातो.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशाची समुद्री मासळी २०१९ मध्ये ३५.६ लाख टन होती, ती २०२० मध्ये २७.३ लाख टनांवर उतरली. घट २३ टक्के, निर्यातीतल्या घटीच्या दुपटीहून जास्त. एक मासा सरासरी शंभर ग्रॅमचा धरला तर ८३० कोटी मासे किनाऱ्यावर आलेच नाहीत, म्हणजे त्या वर्षी पृथ्वीवर असलेल्या माणसांपेक्षा जास्त. टाळेबंदीबरोबर वादळांचाही यात हात होता; ३ जूनला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं.

कोळीवाड्यांकडे थंडीवाचून अवधी मिळवण्याची एक जुनी युक्ती होती. वलांडीवर बोंबील, अंगणात जवळा, आणि एप्रिल-मेच्या उन्हात आगोटीची बेगमी. सुका बोंबील महिनोन्महिने टिकतो, विजेचं बिल येत नाही. पण पापलेट-सुरमईचा भाव त्याला कोण देणार?

निर्यातीने पुढच्याच वर्षी उसळी घेतली, १३,६९,२६४ टन आणि ५७,५८६ कोटी रुपये. २०२४-२५ मध्ये ६२,४०८ कोटी. मग आला वेगळ्या जातीचा धक्का. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरची जादा जकात ५० टक्क्यांवर नेली, आणि कोळंबीवर आधीपासूनचे दोन कर होतेच. इथे वजा अठरा अंश कामाला येत नाहीत. गोदामात माल टिकतो, पण दर उतरेपर्यंत तो ठेवायचा तर व्याज आणि वीज दोन्ही चालू राहतात. जकातीत एक सवलत मात्र होती: २७ ऑगस्टआधी जहाजावर चढलेला माल १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत उतरवून घेतला, तर त्यावर वाढीव जकात नाही. म्हणजे तीन आठवडे. विशाखापट्टणमहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून न्यूयॉर्कला जाणाऱ्या जहाजाला महिन्याहून अधिक काळ लागतो.