रिते होणे : एका ग्रीक शब्दाचा विचार

नाताळ आला की बेथलेहेमचा गोठा, गव्हाणीतील बालक आणि रात्री मेंढरे राखणारे धनगर यांची वर्णने आपण वाचतो. त्या गोठ्यामागील तत्त्व ख्रिस्ती आचार्यांनी ‘केनोसिस’ या एका ग्रीक शब्दात साठविले आहे.

‘केनोस’ म्हणजे रिकामा. मॅसिडोनियातील फिलिप्पै नगरीच्या ख्रिस्ती मंडळीला संत पौलाने कारागृहातून पत्र लिहिले. त्याच्या दुसऱ्या अध्यायात ‘एकेनोसेन’ हे क्रियापद येते. देवाच्या स्वरूपात असलेल्या ख्रिस्ताने स्वतःला ‘रिते केले’, असा त्याचा अर्थ. ‘केनोसिस’ हे नाम मात्र नव्या करारात कोठेही नाही. ते पुढील आचार्यांनी रूढ केले.

आता प्रश्न असा की, कशापासून रिते केले? देव देवपणच टाकून आला, तर गव्हाणीत जन्मले ते कोण? आणि काहीच टाकले नसेल, तर भूक, अश्रू आणि मरण हे सारे सोंगच ठरावयाचे! हा पेच लहान नव्हे. 451 साली खाल्केदोनच्या धर्मसभेने एकाच ख्रिस्तात ईश्वरत्व व मनुष्यत्व ही दोन्ही पूर्ण आहेत, त्यांचा संकर नाही आणि विभागही नाही, असा निर्णय दिला. तरी एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील थोमाझियस या पंडिताने, ख्रिस्ताने सर्वज्ञता, सर्वशक्तिमत्ता व सर्वव्यापकता यांचा त्याग केला, असे प्रतिपादन करून वाद पुन्हा पेटविला.

आम्ही व्याकरणाचे विद्यार्थी. म्हणून आमचे लक्ष वाक्यरचनेकडे जाते. ‘अमुक गोष्टीपासून’ रिते केले, असे पौल म्हणतच नाही. लगेच पुढे ‘लाबोन’ हे कृदंत येते. संस्कृतात त्यासाठी ‘गृहीत्वा’ म्हणावे लागेल : दासाचे रूप घेऊन. येथे आधी घेणे व मग रिते होणे, असा क्रम लावू नये. ‘तोंड उघडून झोपतो’ या उदाहरणावर आपल्या वैयाकरणांनी चर्चा केली आहे, ती आठवावी; तेथे दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात. तसेच येथे. काही टाकून नव्हे, तर घेऊन तो रिता झाला! आमच्या मते या शब्दाचे सारे मर्म या एका कृदंतात आहे.

पूर्वी एका निरूपणात ‘हा आपला अवतारच’ असे म्हणून आम्ही पुढे गेलो होतो. ती घाई झाली. आपल्या कथांत देव सारथी होतो, उष्टी काढतो. तेथे ‘लीला’ हा शब्द पुरतो. पौलाचा शब्द आहे ‘डूलोस’, म्हणजे गुलाम. आणि क्रूस ही रोमन राज्यात मुख्यत्वे गुलामांना व नागरिकत्व नसलेल्यांना द्यावयाची शिक्षा होती. फिलिप्पै तर रोमन वसाहत, तेथील लोकांना आपल्या नागरिकत्वाचा मोठा अभिमान. त्यांच्यासमोर आराध्य दैवत गुलामाचे मरण मेले, असे सांगणे किती धाडसाचे! तेथे ‘लीला’ अपुरी पडते.

आणि हे सांगण्याचे प्रयोजन काय, तर मंडळीतील कुरबुरी! चारच ओळी आधी पौल ‘केनोडोक्सिया’ टाळा म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ रिकामा गौरव, म्हणजे पोकळ मोठेपणा. शब्द त्याच ‘केनोस’चा. पोकळ मोठेपणा मिरविणाऱ्यांपुढे त्याने मोठेपण रिते करणारा ठेवला. मूळ ग्रीकातील हा श्लेष भाषांतरात सहसा हरवतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळावरून मराठी बायबल करण्याचे व्रत घेतले आणि 1922 साली निधन होईपर्यंत चालविले, ते का, हे अशा ठिकाणी उमगते.

चौथ्या अध्यायात युवदिया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना पौल नावानिशी विनवितो की, एकचित्त व्हा. त्यांचे भांडण कशावरून होते, हे पत्रात नाही.