व्यवहार-नियमांतील बदल : कापूस-बाजार आणि कूटचलन

भाषेप्रमाणे व्यवहारही संकेतावर चालतो. शब्दाचा अर्थ जसा बोलणारा व ऐकणारा या दोघांना मान्य असावा लागतो, तसा ‘सौदा पुरा झाला’ या विधानाचा अर्थही देणाऱ्यास व घेणाऱ्यास एकच असावा लागतो. हा संकेत बदलण्यात कोणते धोके संभवतात, हा प्रश्न क्रिप्टोकरन्सी अर्थात कूटचलन यांच्यामुळे पुन्हा चर्चेत आला आहे. वऱ्हाडला तो नवा नाही.

अमरावती व अकोला या पेठांचा इतिहास हा पुष्कळ अंशी सौद्याच्या नियमांचा इतिहास होय. कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला व १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडात बाजार-समितीच्या पद्धतीस आधार मिळाला. परवानाधारक अडत्या व मापाडी यांच्यामार्फत झालेला सौदा जुन्या रिवाजानेही सौदाच होता. मात्र जुने काही सौदे नव्या नियमात बसेनासे झाले. अशा बदलास संकोचक बदल म्हणता येईल.

१९७१ च्या अधिनियमानुसार १९७२-७३ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा निराळाच पेच उद्भवला. खाजगी व्यापाऱ्यास कापूस विकणे राज्यात बेकायदा ठरले. अमरावती जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशात मात्र तोच सौदा वैध राहिला. ज्या हंगामात तेथील भाव चढा असे, त्या हंगामात कापूस चोरून सीमेपलीकडे जाई. चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने एकाच मालाला दोन नियमव्यवस्था लाभल्या होत्या.

कूटचलनात नोंदवही एका पेढीपाशी नसते. हजारो संगणक तिच्या प्रती बाळगतात आणि प्रत्येक नवी नोंद नियमांनुसार स्वतंत्रपणे तपासतात. तेथेही बदल दोन प्रकारचे असतात. नियम संकोचले, तर जुना संगणक नवी नोंद स्वीकारतो. यास सॉफ्ट फोर्क म्हणतात. नियम विस्तारले, तर जुना संगणक नवी नोंद नाकारतो आणि नोंदवही दुभंगू शकते. हा हार्ड फोर्क होय.

संकोचक बदल निर्धोक भासतो, परंतु तसा तो नाही. ४ जुलै २०१५ रोजी बिटकॉइनमध्ये स्वाक्षरीच्या स्वरूपाविषयीचा कडक नियम अमलात आला. नव्या नियमाला संमती दर्शविलेल्या काही खाणकारांनी प्रत्यक्षात आधीचे गट न तपासताच पुढचे गट रचले. परिणामी सहा गट बाद झाले. संमती देणे आणि पालन करणे यांतील अंतर येथे उघड झाले.

दुसरा धोका अलिखित नियमाचा. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनच्या ०.८ या आवृत्तीने स्वीकारलेला एक गट जुन्या आवृत्त्यांनी नाकारला. नियम बदलण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. जुन्या प्रणालीच्या माहितीकोशातील एक मर्यादा नकळत नियमाचे कार्य करीत होती. काही तास दोन नोंदवह्या चालल्या, एका पेढीच्या बाबतीत तेच पैसे दोनदा खर्चिले गेले, आणि अखेर खाणकारांना जुन्या आवृत्तीकडे परतावे लागले. व्याकरणग्रंथात नसलेला नियम जसा बोलणाऱ्यांच्या मुखी असतो, तसाच हा प्रकार.

तिसरा धोका कायमच्या फुटीचा. जून २०१६ मध्ये ‘द डीएओ’ या निधीतून सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले गेले. ते परत मिळविण्यासाठी २० जुलै रोजी इथेरियमचे नियम बदलण्यात आले. ज्यांना हा हस्तक्षेप अमान्य होता, त्यांनी जुनी नोंदवही ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने चालू ठेवली. एका नोंदवहीसाठी केलेली स्वाक्षरी दुसरीतही ग्राह्य ठरत असल्यामुळे, एकीकडे दिलेली रक्कम मालकाच्या इच्छेविरुद्ध दुसरीकडेही दिली जाण्याचा संभव निर्माण झाला.

दोन संकेत शेजारी नांदू शकतात, हेही खरे. आजही सरकीसह कापसाचा भाव क्विंटलने सांगितला जातो आणि रुईचा खंडीने. खंडी म्हणजे ७८४ पौंड, अर्थात सुमारे ३५६ किलो, हे उभय पक्षांना ठाऊक असल्याने घोटाळा होत नाही. बाजारात तंटा झालाच, तर तो ऐकण्यास बाजार-समिती असते. कूटचलनाच्या नोंदवहीला अशी समिती नाही. तेथे नियम म्हणजेच निवाडा. म्हणून ज्याची ठेव त्या नियमावर उभी आहे, त्याला बदल कळला आहे व तो त्याच्या संगणकात उतरला आहे, याची खात्री होईपर्यंत बदल अमलात आणणे इष्ट नव्हे.