रक्तातील वारसा : सिकलसेल आणि आपली जबाबदारी

विद्यार्थिदशेत आम्ही ज्या वसतिगृहात राहिलो, तेथे आमचा एक सोबती होता. थंडी पडू लागली की त्याचे गुडघे आणि कोपरे ठणकू लागत. पहाटेच्या कवायतीला तो येत नसे. पांघरूण डोक्यावर ओढून पडून राही. आम्ही त्याला ढोंगी म्हणत असू. दोन-चार दिवसांनी दुखणे ओसरले की तो पुन्हा सर्वांबरोबर खेळे, त्यामुळे आमचा संशय अधिकच बळावे. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच्या रक्ताची तपासणी झाली आणि त्या दुखण्याचे नाव कळले : सिकलसेल. त्याला ढोंगी म्हटल्याची खंत आजही आमच्या मनात आहे. आपल्या मुलांपैकी कोणाच्याही वाट्याला असे अज्ञान येऊ नये, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा लेखनप्रपंच.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. सिकलसेलच्या रुग्णात हिमोग्लोबिनची घडण बदललेली असते. प्राणवायू कमी पडला की या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तेव्हा असह्य वेदना होतात. शिवाय त्या १० ते २० दिवसांतच फुटतात, म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरभागात हा दोष आढळल्याची नोंद झाली. विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे पुढील तपासण्यांतून दिसून आले.

असे का, याचे उत्तर निसर्गात आहे. ज्याला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो, तो ‘वाहक’ होय. वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते. त्यामुळे हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या वाहक टिकून राहिले. हा कोणाच्या कर्माचा भोग नव्हे, कोण्या कुळाचा कलंकही नव्हे.

वाहक बहुधा निरोगी असतो; त्याला स्वतःला काही जाणवत नाही. खरा धोका येथेच दडलेला आहे. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हिशेब येथे चालत नाही. प्रत्येक वेळी शक्यता तीच राहते. मूल रुग्ण असेल तर दोष आई व वडील दोघांकडून आलेला असतो. तेव्हा केवळ सुनेला बोल लावणे हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे.

याउलट, वाहकाचा विवाह निर्दोष जोडीदाराशी झाला, तर मुले वाहक होऊ शकतील, परंतु या आजाराचे रुग्ण होणार नाहीत. म्हणजे वाहकाने विवाहच करू नये असे मुळीच नाही. दोघांचे रक्त आधी तपासावे, एवढेच. जन्मपत्रिका जुळविणे आपण सोडले, ते योग्यच केले. आता रक्ताची पत्रिका मात्र अवश्य पाहावी, आणि तीही सोयरीक ठरण्यापूर्वी. साक्षगंध झाल्यावर हे सत्य सांगणे दोन्ही घरांना जड जाते.

तपासणी सोपी आहे. बोटाच्या थेंबभर रक्तावर ‘सोल्युबिलिटी’ चाचणी होते. ती होकारार्थी आली तर दोष आहे एवढे कळते. व्यक्ती वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने निश्चित होते. सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी पहिली चाचणी भरवशाची नसते. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्यासाठी २०४७ हे लक्ष्यवर्ष ठरविले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या गावच्या आशाताईंकडे तपासणीची चौकशी करावी. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर गर्भारपणाच्या आरंभीच डॉक्टरांना तसे सांगावे. गर्भाची तपासणी करता येते.

घरात रुग्ण मूल असेल तर धीर सोडू नये. नियमित उपचारांनी आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. मुलाला भरपूर पाणी पाजावे, थंडीपासून जपावे, अतिश्रम टाळावेत, लसीकरण चुकवू नये. फॉलिक अ‍ॅसिड व हायड्रॉक्सियुरिया ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावीत. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र परस्पर देऊ नयेत. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, पोटात डाव्या बाजूला एकाएकी फुगवटा येणे, हातापायांतील शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

पालकांना आमची विनंती आहे की, मुलाला वसतिगृहात सोडताना त्याच्या आजाराची माहिती अधीक्षकांना लेखी द्यावी. ती लपविल्याने मुलाची अब्रू राखली जात नाही, त्याचा जीव धोक्यात येतो. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची मुले आता उपवर झाली आहेत. त्यांनी आधी स्वतःचे रक्त तपासून घ्यावे, मग मुलांना सांगावे. वडीलधाऱ्यांनी स्वतः पुढे होऊन केले, की तरुणांना संकोच उरत नाही.

दुःखाचे कारण जाणल्यावाचून त्याचे निवारण होत नाही, हे आपण या शाळेतच शिकलो. आमच्या त्या सोबत्याचे कारण आम्हांला वेळेवर कळले नाही. आज ते थेंबभर रक्तातून कळू शकते.