खोलीचा भाव ठरवणारा यांत्रिक मुनीम

आमच्या देवणीचे नाव दूरवर गेले ते देवणी जातीच्या गाई-वळूंमुळे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव करण्याची रीत या भागात फार जुनी आहे. घेणारा, देणारा आणि दलाल यांच्याशिवाय चौथ्या माणसाला भाव कळत नाही. कापडाच्या दुकानातही खरेदीचा भाव चिठ्ठीवर सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची पद्धत होती. अशा बाजारात वाढलेल्या आमच्यासारख्यांना ज्या धंद्यात भाव सर्व जगासमोर मांडलेला असतो, रात्रीतून दोनदा बदलतो आणि बदलणारा माणूस नसून मशीन असते, त्या धंद्याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही. हा धंदा म्हणजे सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांना घर किंवा खोली रोजाने भाड्याने देणे.

देवणी तालुक्यात हा धंदा नाही म्हटले तरी चालेल. परंतु लातूर, उदगीर, नांदेडकडील अनेक कुटुंबांची मुले पुण्या-मुंबईत आणि हैदराबादेत स्थिरावली आहेत. काहींनी बचतीतून लोणावळा, पाचगणी किंवा गोव्यात फ्लॅट घेतले आणि ते एअरबीएनबीसारख्या कंपन्यांमार्फत रोजाने देतात. ही मंडळी चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे यांची चौकशी करायला आम्हा कापडवाल्यांकडे येतात. त्यांचा एक प्रश्न हमखास असतो : भाव मशीनच्या हाती द्यावा काय?

प्रश्न नवा असला तरी विद्या नवी नाही. अमेरिकेत 1978 साली विमान भाड्यावरील सरकारी नियंत्रण उठले आणि स्वस्त भाड्याच्या नव्या कंपन्या निघाल्या. त्यांना तोंड देण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने 1985 मध्ये एकाच विमानात वेगवेगळ्या भावाच्या जागा ठेवल्या आणि कोणत्या भावाच्या किती जागा विकायच्या हे कॉम्प्युटरवर ठरवू लागली. पुढे हॉटेलांनी तेच उचलले. आपल्याकडे रेल्वेने 9 सप्टेंबर 2016 पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना हे सूत्र लावले : दर 10 टक्के जागा भरल्या की भाडे 10 टक्के वाढणार, कमाल दीडपट. दिवाळीत पुण्याहून लातूरला खासगी बसने येणाऱ्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. त्या बसचे भाडे एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावे, असे राज्य सरकारला 2018 मध्ये ठरवून द्यावे लागले.

घरांच्या बाबतीत एअरबीएनबीने 2015 मध्ये ‘स्मार्ट प्रायसिंग’ ही सोय काढली. मालकाने किमान आणि कमाल भाव सांगायचा, मधला रोजचा भाव मशीन ठरवते. त्याच सुमारास प्राइसलॅब्स, बियाँड प्रायसिंग अशा स्वतंत्र कंपन्याही निघाल्या. या मासिक आकार किंवा बुकिंगवर टक्केवारी घेऊन हेच काम करतात. मशीन काय पाहते? आसपासच्या तशाच घरांचा भाव, त्या तारखेला किती घरे भरली, किती लोक शोध घेत आहेत, वार कोणता, हंगाम कोणता, तारीख किती जवळ आली. या हिशेबावरून ते भाव वर-खाली करते.

भाव खाली करणे आम्हा व्यापाऱ्यांच्या पचनी पडत नाही. परंतु येथे एक फरक ध्यानात घ्यावा. कापडाचा तागा आज गेला नाही तर ईदला जाईल, ईदला नाही तर लगीनसराईत जाईल. खोलीची रात्र तशी नाही. आजची रात्र आज विकली गेली नाही तर ती कायमची गेली. म्हणून तारीख जवळ आल्यावर रिकामी खोली स्वस्त करणे हा मूर्खपणा नव्हे. बँकेचा हप्ता प्रत्येक रात्रीच्या भावात मोजून त्याखाली उतरायचे नाही असा हट्ट धरणारे आम्ही पाहिले आहेत. हप्ता तर खोली रिकामी राहिली तरी भरावाच लागतो. किमान भाव ठरवताना त्या पाहुण्यामुळे होणारा खर्च धरावा आणि वर थोडी रक्कम मोडतोडीसाठी ठेवावी. फार स्वस्तात दिलेल्या खोलीत कसे पाहुणे येतात, हे शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून कळतेच.

पण हा मुनीम पगार कोणाचा खातो? एअरबीएनबीला प्रत्येक बुकिंगवर कमिशन मिळते. तिच्याजवळ हजारो घरे आहेत. एका घराचा भाव थोडा पडला आणि रात्र भरली तर तिचे नुकसान नाही, कारण चादर धुण्याचा खर्च तिच्या खात्यात येत नाही. कंपनीचे मशीन भाव फार खाली नेते, ही मालकांची जुनी तक्रार आहे आणि ती आम्हास निराधार वाटत नाही. स्वतंत्र कंपनीचे मशीन निदान मालकाच्या पैशावर चालते. तरीही आपला खर्च आपण सांगितल्याशिवाय तेही जाणत नाही.

चादरीचा हिशेब आमच्या हाताखालचा आहे, म्हणून तोच मांडतो. समजा एका पाहुण्यामागे धुलाई, सफाई, साबण आणि चादरी-टॉवेलची झीज धरून 700 रुपये लागतात. एकच कुटुंब 2,000 रुपये रोजाने दोन रात्री राहिले, तर आले 4,000 आणि उरले 3,300. त्याच दोन रात्री 1,900 रुपयांनी दोन वेगळ्या पाहुण्यांना गेल्या, तर आले 3,800 पण उरले 2,400. मशीनला दिसतो 200 रुपयांचा फरक, गल्ल्यात पडतो 900 चा. यास्तव निदान शनिवार-रविवारी दोन रात्रींची अट घालावी किंवा सफाईचा आकार वेगळा लावावा. पांढरी चादर घ्यावी, रंगीत नको. ती उकळत्या पाण्यात धुता येते आणि एक फाटली तर जोडीची दुसरी मिळते. (रंगीत चादरीत आमचा नफा जास्त असतो, तरी हेच सांगतो.)

दुसरी गोष्ट कराची. 22 सप्टेंबर 2025 पासून रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर 18 टक्के. मालकाची स्वतःची नोंदणी नसली तरी बुकिंग करणारी कंपनी हा कर भरते, म्हणजे तो पाहुण्याच्या बिलात येतोच. आता मशीनने शनिवारची गर्दी पाहून बंगल्याचा भाव 7,400 वरून 7,600 केला असे धरू. पहिल्या भावाला करासह 7,770 होतात, दुसऱ्याला 8,968. मालकाने 200 वाढवले आणि पाहुण्यावर 1,198 चा बोजा पडला. पाहुणा शेजारच्या बंगल्यात जाईल आणि मालक म्हणेल मंदी आली. परदेशात तयार झालेल्या मशीनवर विसंबून न राहता ही पायरी स्वतः तपासावी. 7,500 वर थांबावे, नाही तर चांगली उडी घेऊन बरेच वर जावे. मधला भाव कोणाच्याच कामाचा नाही.

तिसरी गोष्ट तारखांची. ईद दरवर्षी साधारण 10-11 दिवस अलीकडे येते. 2024 मध्ये ईद-उल-फित्र आपल्याकडे 11 एप्रिलला होती, 2025 मध्ये 31 मार्चला. ईदनंतरच्या दोन-तीन दिवसांत आमची कुटुंबे मोठ्या संख्येने बाहेर पडतात. मागील वर्षीच्या त्याच तारखेवर भिस्त ठेवणारे मशीन येथे चुकते, आणि चंद्र दिसेपर्यंत नक्की दिवस तर मशीनला काय, आम्हालाही कळत नाही. एखाद्या वर्षापुरती होणारी गर्दीही अशीच. सनबर्न हा संगीताचा जलसा 2007 पासून गोव्यात होता, 2016 ते 2018 पुण्यात गेला, 2019 मध्ये परत आला आणि 2025 मध्ये मुंबईला हलला. अशा तारखा मालकाने कॅलेंडर घेऊन हाताने भराव्यात.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग मशीन नकोच. तसे आमचे मत नाही. 2021 मध्ये ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील एअरबीएनबीच्या मालकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी स्मार्ट प्रायसिंग घेतले त्यांचा सरासरी भाव 5.7 टक्क्यांनी उतरला, पण उत्पन्न 8.6 टक्क्यांनी वाढले. तशाच घराला काळ्या मालकांना गोऱ्यांपेक्षा कमी उत्पन्न मिळत होते. मशीन घेणाऱ्यांमध्ये ही तफावत 71 टक्क्यांनी कमी झाली. परंतु काळ्या मालकांमध्ये मशीन घेण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा 41 टक्क्यांनी कमी होते. परिणामी एकूण दरी कमी होण्याऐवजी वाढली. जाहिरातीवर मालकाचे नाव आणि फोटो असतो. नाव पाहून पुढे जाणारा ग्राहक आमच्या मुलांनाही ठाऊक आहे. अशा मालकाकडे पाहुणे कमी येतात, म्हणून शेजाऱ्याचा भाव त्याला चालत नाही, त्याचा भाव वेगळाच काढावा लागतो. ते काम मशीन बरे करते. ज्याला त्याची जास्त गरज तोच अविश्वासाने दूर राहिला, तर त्याचे नुकसान दुहेरी आहे.

उलट बाजूही आहे. गल्लीतील सर्व दुकानांनी एकच मुनीम ठेवला तर ग्राहकाचे काय होईल? अमेरिकेत कायम भाड्याच्या घरांचे भाव सुचवणाऱ्या रिअलपेज कंपनीवर तेथील सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये खटला भरला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मालकांची आतली माहिती एकत्र करून कंपनी भाडे चढते ठेवते, असा तो आरोप होता. संगनमताने भाव ठरवण्यास आपल्याकडेही 2002 च्या स्पर्धा कायद्याने मनाई आहे.

आमच्या भागातील लॉजवाल्यांनी मात्र इतक्यात या मागे लागू नये. मशीनला तुलनेसाठी आसपास पुष्कळ घरे लागतात. गोव्यात ती आहेत, उदगीरला नाहीत. एप्रिल 2022 मध्ये उदगीरला साहित्य संमेलन भरले, तसे तीन दिवस मागच्या आकड्यांत सापडत नाहीत.

गोवा-लोणावळ्याच्या मंडळींनी किमान भाव, दोन रात्रींची अट आणि सणांच्या तारखा स्वतः भरून मशीन दोन महिने चालवावे. बाजूला वही ठेवावी. तीत मशीनचा भाव, आपण लावला असता तो भाव आणि धुलाई-सफाई वजा जाता हाती उरलेली रक्कम, असे तीन रकाने असावेत. दोन महिन्यांनी तिसऱ्या रकान्याची बेरीज करावी आणि मगच मशीनचे वर्षाचे पैसे भरावेत.