नवरात्रात जाळी वाळत, गळ पाण्यात

मंडळी, नवरात्रात गिऱ्हाईक कमी, म्हणून जाळी वाळत घातलीत. अशा दिवशी घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या काठावर, खोपीच्या सावलीत पोरांना घेऊन गळ टाकून बसायला मजा येते. पाऊस ओसरलेला, पाणी निवळलेलं, गळाला कणकेची गोळी, चुलीवर चहा.

पण एक ध्यानात ठेवा. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली हेच आपलं पीक, आणि ती अजून वीतभरही नाहीत. गळाला लागली तर हात ओले करून अलगद सोडवा, परत पाण्यात सोडा. चांगलं खाद्य मिळालं तर वर्षभरात कटला किलोभर होतो.

चिलापी मात्र खुशाल घरी न्या. ती धरणातच आपोआप वाढते.

पोरांना हे आत्ताच शिकवा. उन्हाळ्यात जाळं जड लागेल.

– सचिव